गल्लीतला शब्द आणि ध्वनिमुद्रिकेवरचे नाव

अमेरिकेत २००७ साली ‘इन द मूव्हीज’ या नावाची एक ध्वनिमुद्रिका निघाली. आइस क्यूब या रॅप गायकाने निरनिराळ्या चित्रपटांसाठी वेळोवेळी केलेली गाणी तिच्यात एकत्र केलेली होती. आपल्याकडे मुकेशची किंवा रफीची निवडक गाणी असत तसाच हा प्रकार, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. मुकेशने गायिलेल्या गाण्यांचे शब्द शैलेंद्र, हसरत जयपुरी यांचे असत आणि चाल शंकर-जयकिशन यांची असे. मुकेशचा असे तो आवाज. आइस क्यूबच्या संग्रहात आवाज त्याचा होताच, पण शब्दही त्याचेच होते. रॅप या प्रकाराचे मर्मच हे की, जो लिहितो तोच म्हणतो. दुसऱ्याने लिहून दिलेले म्हणणारा गायक तिथे संशयाच्या नजरेने पाहिला जातो.

हा आइस क्यूब लॉस एंजेलिसचा. एन. डब्ल्यू. ए. या गायकसमूहासाठी त्याने पुष्कळ लिहिले. आणि आपल्या लेखणीचा वाजवी मोबदला मिळत नाही अशी तक्रार करून १९८९ मध्ये तो त्या समूहातून बाहेर पडला. पुढे ‘बॉइज इन द हूड’ या १९९१ च्या चित्रपटात त्याने भूमिका केली, १९९५ च्या ‘फ्रायडे’ची पटकथा एका सहकाऱ्यासह स्वतः लिहिली, आणि ‘द प्लेयर्स क्लब’ या १९९८ च्या चित्रपटाचे दिग्दर्शनही केले. तो चित्रपटसृष्टीत गेला तो आपले नाव घेऊन, आपल्या अटींवर. म्हणूनच त्याच्या चित्रपटगीतांचा संग्रह हा त्याचाच संग्रह ठरला.

आता असाच एक संग्रह मुंबईच्या उपनगरातील एखाद्या रॅप गायकाचा काढावयाचा झाला, तर काय होईल? नाव शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरात वाढलेला विवियन फर्नांडिस ‘डिव्हाइन’ या नावाने आज देशभर ओळखला जातो. विमानतळ हाकेच्या अंतरावर, महाकाली गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर कमाल अमरोहींचा कमालिस्तान स्टुडिओ, आणि या सगळ्यांच्या बेचक्यात चाळी, झोपड्या नि दाटीवाटीच्या इमारती अशी ही वस्ती. एका शाळासोबत्याच्या सदऱ्यावर छापलेल्या अमेरिकन रॅप गायकाच्या चित्रामुळे या मुलाला त्या संगीताचे कुतूहल वाटले, ही हकीकत त्याने अनेकदा सांगितली आहे. आरंभी तो इंग्रजीत लिहीत असे. पुढे तो हिंदीत, म्हणजे उपनगरांच्या नाक्यावर बोलल्या जाणाऱ्या, मराठीची फोडणी पडलेल्या हिंदीत लिहू लागला, आणि तेव्हा कुठे त्याला त्याचा श्रोता सापडला. ‘ये मेरा बॉम्बे’ २०१३ चे. कुर्ल्याच्या नेझीबरोबरचे ‘मेरे गली में’ २०१५ चे. त्याचे संगीत सेझ याचे. कुर्ल्याच्या नेझीने तर आपले ‘आफत’ हे गाणे २०१४ मध्ये एका आयपॅडच्या साहाय्याने तयार करून लोकांपुढे ठेवले होते. ना स्टुडिओ, ना वाद्यवृंद, ना निर्माता.

तेव्हा डिव्हाइनच्या चित्रपटगीतांचा संग्रह कल्पनेत मांडून पाहू. पहिले गाणे अनुराग कश्यप यांच्या ‘मुक्काबाज’मधील ‘पैंतरा’. हा चित्रपट २०१८ च्या जानेवारीत आला. संगीत न्यूक्लियाचे, आवाज डिव्हाइनचा. उत्तर प्रदेशातील एका मुष्टियोद्ध्याच्या कथेला अंधेरीच्या गल्लीतला आवाज जोडला गेला, आणि तो शोभलाही. दुसरे, ‘सेक्रेड गेम्स’ या मालिकेच्या निमित्ताने त्याच वर्षी झालेले ‘काम २५’. ते चित्रपटातले नव्हे, पण पडद्याशी संबंधित म्हणून घ्यावयास हरकत नाही. अरविंद अडिगा यांच्या कादंबरीवरील ‘द व्हाइट टायगर’ २०२१ मध्ये आला. त्यासाठी डिव्हाइनने पुशा टी आणि व्हिन्स स्टेपल्स या दोन अमेरिकन गायकांसह केलेले ‘जंगल मंत्र’ हे तिसरे. येथपर्यंत अडचण नाही. अडचण येते ती सर्वांत गाजलेल्या गाण्यापाशी.

‘गली बॉय’ हा झोया अख्तर यांचा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला. मुंबईच्या झोपडपट्टीतील एक तरुण रॅप गायक होतो अशी त्याची कथा. नेझी आणि डिव्हाइन यांच्या आयुष्यांवरून ती सुचलेली आहे. त्यातले ‘अपना टाइम आएगा’ हे गाणे पाहता पाहता रिक्षांतून, गणेशोत्सवाच्या मंडपांतून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून वाजू लागले. त्याचे शब्द डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांचे. संगीत डब शर्मा आणि डिव्हाइन यांचे. आवाज मात्र नायक रणवीर सिंग यांचा. म्हणजे ज्या गाण्याने डिव्हाइनचे शब्द घरोघर पोहोचले, ते गाणे त्याच्या आवाजातील संग्रहात बसतच नाही. ‘मेरे गली में’चीही चित्रपटात दुसरी आवृत्ती झाली, तीत डिव्हाइन आणि नेझी यांच्या जोडीला नायकाचा आवाज आला. २०१५ ची मूळ प्रत चित्रपटगीत नव्हे, आणि २०१९ ची प्रत सर्वस्वी त्या दोघांची नव्हे.

रणवीर सिंग यांना यात दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी मेहनत घेतली आणि ती गाणी नेटकी म्हटली. नटाने आपले गाणे आपणच म्हणावे, ही प्रथा बोलपटाइतकीच जुनी आहे. गंमत अशी की, हिंदी चित्रपटातले पहिले रॅप म्हणून ज्याचा विनोदाने आणि थोड्या गंभीरपणानेही उल्लेख होतो, ते ‘आशीर्वाद’मधील आगगाडीचे गाणेही १९६८ साली नटानेच, म्हणजे अशोककुमार यांनीच म्हटले होते. शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचे. पण त्या वेळी शब्द लिहिणाऱ्याने ते स्वतः म्हणावेत अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. रॅपच्या बाबतीत ती अपेक्षा आहे. नव्हे, तोच त्याचा प्राण आहे. चित्रपटाचा धंदा गीतकार, संगीतकार, पार्श्वगायक आणि नट अशी चार माणसे वेगळी काढून उभा राहिलेला. रॅप गायक त्यांपैकी निदान दोन, पुष्कळदा तीन कामे एकटा करतो. त्यामुळे त्याला चित्रपटात घेताना त्याची वाटणी करावी लागते, आणि वाटणीत काहीतरी हरवते.

नाव हरविण्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. ‘महल’ चित्रपट १९४९ चा. त्यातील खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेले, लता मंगेशकर यांनी गायिलेले ते अजरामर गाणे प्रथम निघाले तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! गाणे आकाशवाणीवर वाजू लागल्यावर गायिकेच्या नावाची विचारणा श्रोत्यांनीच केली. साठच्या दशकाच्या आरंभी लताबाईंनी गायकांना स्वामित्वधन मिळावे अशी भूमिका घेतली. महंमद रफींचे मत असे की, गाण्याचे पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला. या मतभेदापायी त्या दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले होते. दोघेही प्रामाणिक होते, यात शंका नाही. परंतु रफींचे औदार्य थोर असले, तरी कमी मिळकतीच्या गायकाला ते परवडणारे नव्हते. लताबाईंचा हट्ट दूरदृष्टीचा होता.

कायदा मात्र दीर्घकाळ निर्मात्याच्या बाजूने राहिला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था. तिच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा संगीत करून घेतले असेल, आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला जोडलेल्या स्वतंत्र टिपणीत गायकाला कायद्याने काहीच दिलेले नाही याबद्दल खेद व्यक्त केला. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क मान्य झाला, पण चित्रपटासाठी एकदा संमती दिली की तो जवळजवळ संपतच असे. खरा फरक पडला तो २०१२ मध्ये. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेचे नामनियुक्त सभासद होते आणि त्यांनी या दुरुस्तीचा जोरदार पुरस्कार केला. तिच्यान्वये चित्रपटगीताचा कवी आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा अबाधित राहिला. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे वाजते तेवढे वगळून इतर सर्व वापरांसाठी तो वाटा मिळावयाचा, आणि मुख्य म्हणजे हा हक्क लेखकाला लिहून देताही येत नाही. निर्मात्याने कागदावर सही घेतली, तरी ती सही त्या मर्यादेत निरर्थक ठरते.

योगायोग पाहा. ज्यांनी संसदेत या हक्कासाठी भाषण केले, त्या जावेद अख्तर यांच्याच कन्येने ‘गली बॉय’ दिग्दर्शित केला, आणि त्यातील ‘दूरी’ या गाण्याच्या शब्दांवर जावेद अख्तर आणि डिव्हाइन अशी दोन नावे शेजारी शेजारी आहेत. एक शायरांच्या घराण्यातला, दुसरा जे. बी. नगरातला. कायद्यापुढे दोघे सारखेच लेखक. आणि परफॉर्मिंग राइट सोसायटीचे कार्यालय अनेक वर्षे होते कुठे, तर अंधेरीतच, पश्चिमेस नव्या लिंक रोडवर. हक्क मागणारा रुळांच्या एका बाजूला आणि हक्क वसूल करणारी संस्था दुसऱ्या बाजूला! मधला पूल ओलांडण्याचे तेवढे राहिले होते.

या चित्रपटाने रॅप गायकांची फसवणूक केली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निर्मात्यांनी त्यांची नावे लपविली नाहीत. उलट गल्लीतल्या कित्येक मुलांची नावे प्रथमच मोठ्या पडद्यावर आली. ‘अपना टाइम आएगा’साठी २०२० मध्ये उत्कृष्ट गीतकाराचे फिल्मफेअर पारितोषिक डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना मिळाले, गायकाचे नव्हे, गीतकाराचे. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या पारितोषिकाच्या यादीत शैलेंद्र, साहिर, गुलजार यांची नावे आहेत, तीत अंधेरीच्या गल्लीतले एक नाव जाऊन बसले. चित्रपटानंतर कंपन्यांची दारे उघडली. डिव्हाइनची ‘कोहिनूर’, ‘पुण्य पाप’, ‘गुनहगार’ अशी स्वतःची संपूर्ण ध्वनिमुद्रणे २०१९ ते २०२२ या काळात निघाली आणि चालली. चित्रपटाविना हे झालेच नसते असे नाही; पण इतक्या लवकर झाले नसते.

तरीही प्रश्न उरतो तो नावाचा. कागदोपत्री नाव आहे, पण कानांवर पडते का? आकाशवाणीची निवेदिका एके काळी गाण्यापूर्वी चित्रपट, गीतकार, संगीतकार आणि गायक अशी सारी नावे सांगे, आणि त्यामुळे शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना मजरूह आणि राजेंद्रकृष्ण यांच्यातला फरक ठाऊक असे. खासगी रेडिओ केंद्रांनी ही शिस्त मोडली. भ्रमणध्वनीवर गाणे ऐकताना समोर येते ते चित्रपटाचे चित्र आणि नायकाचा चेहरा. गीतकाराचे नाव शोधावे लागते, आणि शोधणारा विरळा. शाळेत ‘अपना टाइम आएगा’वर नाचलेल्या मुलांपैकी कितीजणांना ते शब्द लिहिणाऱ्याचे नाव सांगता येईल, हे एखाद्या शिक्षकाने वर्गात विचारून पाहावे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले होते. अभंगाच्या शेवटच्या चरणात संतकवी आपले नाव गुंफतो. लावणी-पोवाड्यांत शाहिराची नाममुद्रा येते. छापखाना नव्हता, करारपत्र नव्हते, तेव्हा पद्य तोंडोतोंडी जाताना कर्त्याचे नाव त्याच्या पोटातच ठेवले की ते गळून पडत नसे. रॅप गायकही नेमके हेच करतो. गाण्याच्या आरंभी किंवा मध्येच तो आपले नाव पुकारतो, वस्तीचे नाव घेतो, प्रसंगी टपालाचा क्रमांकही सांगतो. अनेकांना हा बडेजाव वाटतो. वस्तुतः ती नाममुद्राच आहे. आणि हेच शब्द पात्राच्या तोंडी घातले की पहिल्याने गळते ती ही मुद्रा; कारण चित्रपटातल्या मुरादने डिव्हाइनचे नाव कसे घ्यावे?

मेट्रो रेल्वेची २०१४ मध्ये सुरू झालेली मार्गिका वर्सोव्याहून निघते. तिच्या चकाला स्थानकाच्या नावापुढे कंसात जे. बी. नगर असे लिहिलेले आहे. तीच गाडी पुढे घाटकोपरला जाऊन थांबते. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत अण्णा भाऊ साठे वर्षानुवर्षे राहिले. त्यांच्या शब्दांना अमर शेखांचा बुलंद आवाज लाभला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची छक्कड लाखोंच्या तोंडी होती. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. ‘वैजयंता’ १९६१ मध्ये आणि ‘वारणेचा वाघ’ १९७० मध्ये. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात ते निवर्तले तेव्हा त्यांची स्थिती कशी होती, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. शाहिरीची ती छक्कड आणि आजचे रॅप एकच आहेत असे कुणी म्हणणार नाही. एकामागे संघटित पक्ष आणि विचार होता, दुसऱ्यामागे बहुधा एकेकट्या तरुणाचा राग आणि महत्त्वाकांक्षा. पण उपनगरातल्या झोपडीत लिहिलेला शब्द पडद्यावर गेल्यावर त्याचे फळ झोपडीत किती परत येते, हा सवाल दोघांचाही आहे.

चित्रपटगीतांच्या संग्रहाची दुसरी मर्यादा अशी की, जे चित्रपटाला चालते तेवढेच त्यात येते. गोरेगावच्या आरे वसाहतीतील आदिवासी पाड्यांवर मेट्रोच्या कारशेडचे सावट आले, तेव्हा ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप समूहाने आरेतील रहिवासी प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. तेही २०१९ चेच, ‘गली बॉय’च्याच वर्षाचे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच रात्रीच्या रात्री आरेत झाडे तोडली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवीपर्यंत दोन हजारांहून अधिक पडली होती. उपनगराच्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणून हे गाणे कोणत्याही चित्रपटगीताहून मोलाचे आहे. परंतु ते कोणत्याही चित्रपटाचे नाही, म्हणून कोणत्याही कंपनीच्या संग्रहात ते आपसूक जाऊन बसणार नाही. ते जपावयाचे तर ते करणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनीच जपले पाहिजे. मुंबईतील ग्रंथालये आणि महाविद्यालये जुन्या पोवाड्यांची बाडे सांभाळतात. या ध्वनिमुद्रणांच्या प्रती तारखेसह, कर्त्यांच्या नावांसह ठेवण्यास त्यांना फारसा खर्च येणार नाही.

विशेष म्हणजे ‘स्वदेसी’तली मावळी आणि तोडफोड या नावांची मुले ‘गली बॉय’मध्येही आहेत. ‘इंडिया ९१’ या गाण्यात निरनिराळ्या भाषांतले रॅप गायक एकामागून एक येतात; मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी ते कर्नाटक संगीतातील तालाच्या बोलांवर बांधले आहे. अमरावतीचा ‘हंड्रेड आरबीएच’ त्यात आपली मराठी घेऊन येतो. चित्रपटाच्या कथेत या गाण्याला फारसे स्थान नाही, पण ज्याने त्याने आपले आपण लिहून आपल्याच तोंडाने म्हटले, असे संपूर्ण चित्रपटात हेच एक ठळक उदाहरण. डिव्हाइनचा कल्पित संग्रह अपुरा राहिला, तो या गाण्यात पुरा झाल्यासारखा वाटतो, जरी त्यात डिव्हाइन नाही.

अंधेरी, मालाड, मुलुंड, भांडुप येथल्या मुलांना आता चित्रपटांची, मालिकांची, जाहिरातींची बोलावणी येतात. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, समोर इंग्रजीतले पाच-सहा पानी करारपत्र, आणि रकमेच्या आकड्यावर खिळलेली नजर. त्याने त्यात पाहावयाची गोष्ट एकच: गीतकार म्हणून त्याचे नाव लिहिले आहे, की केवळ गायक म्हणून बोलाविले आहे. कारण कायद्याने दिलेला तो न सुटणारा वाटा लेखकाचा आहे. आणि लेखक म्हणून नोंद नसेल, तर तो मागावयाचा तरी कशाच्या बळावर? संस्थेचे सभासदत्व घेणे, प्रत्येक गाणे तिच्याकडे नोंदविणे, सहलेखक असल्यास हिस्से आधीच ठरविणे, ही कामे रुक्ष आहेत. गाणे करण्याच्या धुंदीत ती राहून जातात, आणि मित्रामित्रांत हिशेब कशाला, असेही वाटते.

तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत लिहीत असे. २०२२ च्या मार्चमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो गेला. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे त्याच्या शब्दांवरचा हक्क टिकतो. ‘इंडिया ९१’मधल्या त्याच्या गुजराती कडव्यावर हा हक्क २०८२ सालच्या अखेरीपर्यंत राहील.